शंभर वर्षांनी मोडलेली घडी

वस्त्रांविषयी लिहिण्याचा अधिकार मास्तराचा नव्हे, असे आमच्या घरातील स्त्रीवर्गाचे ठाम मत आहे. आणि ज्याने सारी नोकरी चार सदऱ्यांवर काढली, त्याने त्या मताविरुद्ध फारसे बोलू नये हेही खरे. तथापि गेल्या वैशाखात आमच्या घरी एका लुगड्यावरून जो वाद झाला, त्याने माझ्या मनात एक प्रश्न असा काही रोवला की, त्याचा उलगडा केल्यावाचून चैन पडेना. काही जुनी वस्त्रे जुनीच दिसतात. काही मात्र कितीही जुनी झाली तरी कालच मागावरून उतरल्यासारखी वाटतात. असे का व्हावे? वाचकांच्या घरीही माळ्यावर एखादी पेटी असेलच. तेव्हा हा विचार केवळ आमच्या घरापुरता राहील असे वाटत नाही.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास नोकरी करते. तिचा विवाह ठरला आणि ती आठ दिवसांच्या रजेवर जामखेडास आली. एके दुपारी तिने माळ्यावरची शिसवी पेटी खाली उतरवून घेतली. पेटी माझ्या वडिलांच्या आत्याबाईंची. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असू. पेटीत जपाची माळ, वातींचा कापूस, दोन हस्तलिखित पोथ्या, आणि सर्वांत तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक नऊवारी महेश्वरी लुगडे होते. रंग वांगी. अंगात नक्षी म्हणून नाही. काठ जेमतेम दोन बोटे रुंद, आणि पदरावर आडवे पाच पट्टे. पुतणीने ते उलगडून उजेडात धरले, आणि क्षणभर कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "काका, हे शंभर वर्षांचं असेल असं वाटतच नाही. आमच्या कचेरीतली कोणीही उद्या हे नेसून येईल, आणि सगळ्या विचारतील, कुठून घेतलंस? सीमांतपूजनाला मी हेच नेसणार."

तिच्या या एका वाक्याने घरात दोन तट पडले. कारण त्या लुगड्याचा इतिहास आम्हा वडीलधाऱ्यांस ठाऊक होता. आत्याआजींचा विवाह नवव्या वर्षी झाला. पहिल्या मंगळागौरीसाठी इंदूरच्या मामांनी हे लुगडे पाठविले होते. मंगळागौर यावयाच्या आतच त्यांस वैधव्य आले, आणि लुगड्याची घडी मोडली गेली नाही ती नाहीच. माझी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, कळवळून म्हणाली, "अगं, नव्या संसाराच्या उंबरठ्यावर हेच का अंगाला लावायचं? तुला हवं तर नवं महेश्वरी मी घेऊन देते." तिच्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता, मुलीविषयीची माया होती. मी मात्र दोन्हीकडची बाजू ऐकत गप्प बसलो. ज्याने चाळीस वर्षे मुलांना विचार करावयास शिकविले, त्याने घरात प्रसंग आला तेव्हा वर्तमानपत्र उघडले, हे कबूल केलेले बरे.

वादाकडे मी पुन्हा येणार आहेच. तत्पूर्वी पुतणीने ज्या गोष्टीचे आश्चर्य केले, ती पाहू. माघ कवीने शिशुपालवधात रैवतक पर्वताचे वर्णन करताना रमणीयतेची एक व्याख्या सांगून टाकली आहे: जे क्षणोक्षणी नवे वाटते तेच रमणीय. वर्गात हे शिकविताना मी पर्वताचा, समुद्राचा दाखला देत असे. पण वस्त्र हे माणसाने केलेले; ते पर्वतासारखे आपोआप नवे होत नाही. त्याच्या नवेपणाला काही कारण असले पाहिजे, आणि कारण असेल तर ते सांगता आले पाहिजे.

महेश्वरीचा विचार करावयाचा तर आम्हा जामखेडकरांस दूर जावयास नको. ज्या अहिल्याबाई होळकरांनी या वस्त्राला आश्रय दिला, त्यांचा जन्म इ. स. १७२५ मध्ये आमच्याच तालुक्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांच्या विनवणीवरून त्या सती गेल्या नाहीत. १७६६ साली मल्हारराव आणि १७६७ साली पुत्र मालेराव गेल्यावर राज्याचा भार त्यांनी स्वतःवर घेतला, आणि नर्मदातीरी महेश्वर ही राजधानी केली. तेथे त्यांनी ठिकठिकाणचे विणकर आणून वसविले. आलेल्या पाहुण्यास महेश्वरचेच लुगडे, महेश्वरचेच पागोटे आहेर म्हणून द्यावे असा त्यांचा प्रघात होता, असे सांगतात. दरबाराच्या आहेरामागे गावच्या पोटापाण्याचा विचार होता, हे आम्ही जमाखर्च शिकविणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

काही वर्षांपूर्वी महेश्वरास जाण्याचा योग आला होता. घाटाच्या पायऱ्यांवर बसून किल्ल्याच्या भिंतींकडे पाहिले, म्हणजे काठांचे मूळ कळते. दगडात कोरलेली चटईची वीण, विटांची रांग, हिऱ्याची चौकट, नर्मदेच्या लाटा, चमेलीचे फूल; विणकरांनी याच आकृती उचलल्या आणि काठावर उतरविल्या. त्यांची नावेही तशीच साधी: ईंट, चटाई, हीरा, लहर. मोर नाही, वेलबुट्टी फारशी नाही, देवदेवतांची चित्रे नाहीत. सरळ रेषा, कोन आणि त्यांची आवृत्ती एवढ्यावर सारे काम. अंगाची वीण साधी, पट्ट्यांची किंवा चौकड्यांची. ज्यात काही नक्षी नसते त्या प्रकारास तेथे चंद्रकला म्हणतात, आणि वांगी रंगाच्या अशा वस्त्रास बैंगनी चंद्रकला. आपल्याकडील संक्रांतीची काळी चंद्रकळा वाचकांस ठाऊकच आहे. नावाचे हे नाते मला गोड वाटले.

येथे नवेपणाचे पहिले कारण हाती लागते. जी सजावट वस्तूच्या रचनेतूनच निघते, ती लवकर शिळी होत नाही. वीट, चटई, लाट या आकृती दोनशे वर्षांपूर्वीच्या डोळ्यांस कळत होत्या, आणि आजच्याही डोळ्यांस कळतात. त्यांस कोणत्याही दरबाराचा किंवा दशकाचा शिक्का नाही. शिवाय महेश्वरीचा काठ दोन्ही अंगांनी सारखा विणलेला असतो. त्यास बुगडी म्हणतात. उलटी बाजू नाही, म्हणून कसेही नेसावे, वाऱ्याने पदर उलटला तरी कपड्याला खाली पाहावयास लावीत नाही. पूर्वी हे वस्त्र निव्वळ सुती असे. पुढे ताण्यास रेशीम आणि बाण्यास सूत असे मिश्रण रूढ झाले. रेशमाने चमक आली, सुताने हलकेपण राखले. दिवसभर अंगावर वागविता येईल इतके वजन, उन्हाळ्यात सोसेल इतकी विरळ वीण. आजच्या मुलींना जे हवे असते ते याहून निराळे काय आहे?

दुसरे कारण याहून मोलाचे आहे. आमच्या घरी इ. स. १९७८ च्या सुमारास काढलेले एक छायाचित्र आहे. त्यात मी त्या काळच्या चालीप्रमाणे खाली घंटेसारखी पसरलेली विजार घालून, कानांवर केस सोडून, मोठ्या ऐटीत उभा आहे. माझ्या शेजारी माझी आजी इरकली लुगडे नेसून बसली आहे. हे छायाचित्र निघाले की घरातील मुले पोट धरून हसतात. पण हसतात ती मला. आजीला कोणी हसत नाही. तिचे लुगडे माझ्या विजारीहून कितीतरी जुन्या परंपरेचे, आणि तरीही ते त्या छायाचित्रात शिळे दिसत नाही. याचे कारण मला असे वाटते की, शिवलेले वस्त्र हे एका देहाचे आणि एका वर्षाचे असते. खांद्याची रुंदी, गळपट्टीचे टोक, विजारीचा घेर, यांत शिंप्याची कात्री ते साल कायमचे लिहून ठेवते. न कापलेल्या वस्त्रावर साल लिहिलेले नसते. ते ज्या दिवशी नेसावे त्या दिवसाचे होते.

लुगडे म्हणजे नऊ वारांचा, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरांचा, एक अखंड आयत. त्याला ना बाही ना बटन. सारा आकार नेसणारीच्या हातात. म्हणूनच काळ बदलला तेव्हा वस्त्र टाकावे लागले नाही. नेसण्याची रीत तेवढी बदलली. कासोटा घालून शेतात राबता येई, घोड्यावर बसता येई. इ. स. १८६४ च्या सुमारास बंगालच्या ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर पतीसह मुंबईस आल्या. घराबाहेर, चारचौघांत वावरता येईल असा पोषाख त्यांना हवा होता. मुंबईच्या पारशी स्त्रियांचे नेसणे पाहून त्यांनी निऱ्या पुढे आणि पदर डाव्या खांद्यावर अशी रीत बसविली, सोबत पोलके व परकर घेतला. आज भारतभर जी गोल साडी नेसली जाते, तिच्या घडणीत या रीतीचा मोठा वाटा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. आनंदीबाई जोशी इ. स. १८८३ मध्ये वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या. तेथे बर्फ पडे, आणि नऊवारी कासोट्याने पोटऱ्या उघड्या राहत. इंग्रजी झगा घालणे सर्वांत सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. गुजराती पद्धतीने पायघोळ नेसू लागल्या. साडी कायम राहिली, नेसणे हवामानाप्रमाणे बदलले. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचे साडीतील छायाचित्र आज पाहिले, तर त्यात एक शिकलेली, निश्चयी तरुणी दिसते. 'जुन्या काळची बाई' दिसत नाही.

पुरुषांच्या वस्त्रांसही हा नियम लागू पडतो. बाराबंदीला बटने नसत, बंद असत. देह सुटला किंवा वाळला तरी तीच बाराबंदी बांधता येई. उपरणे तर निव्वळ कापडाचा तुकडा; खांद्यावर घ्यावे, कमरेस गुंडाळावे, उन्हात डोक्यावर धरावे. आज तरुण मुले साध्या सदऱ्यावर उपरणे घेतात आणि ती शोभतात. याउलट बाजारात आता शिवलेले सोवळे मिळते, शिवलेली नऊवारीही मिळते. ज्या मुलीला पाच मिनिटांत तयार व्हावयाचे आहे तिची सोय होते, आणि त्या सोयीस नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु निऱ्या एकदा शिवणयंत्राखाली गेल्या की तेही वस्त्र एका देहाचे आणि एका वर्षाचे झाले. आजीचे लुगडे नातीस येते. शिवलेली नऊवारी धाकट्या बहिणीसही होईलच असे नाही.

तिसरे कारण औचित्याचे. अकराव्या शतकातील काश्मीरचा क्षेमेंद्र याने औचित्य हाच काव्याचा प्राण मानला, आणि तो सिद्ध करण्यासाठी दाखला घेतला तो अलंकारांचाच: कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेस घालणाऱ्यास लोक हसणारच. दागिना दोन्ही वेळी तोच, स्थान चुकले. पैठणीचा मोर पदरावर शोभतो. तोच मोर आता उशीच्या अभ्र्यावर, चपलांवर, भ्रमणध्वनीच्या वेष्टनावरही दिसू लागला आहे. तेथे तो परंपरा राखीत नाही, परंपरेची जाहिरात करतो. तसेच अंगावर सर्वच जुने, म्हणजे नऊवारी, नथ, चंद्रकोर, खोपा, तोडे, सारे एकदम चढविले की माणूस नाटकातले पात्र दिसू लागते. आमची पुतणी म्हणाली की, तिच्या मैत्रिणी जुने लुगडे किंवा खणाची साडी घेतात तेव्हा बाकीचे सारे रोजचेच ठेवतात: मनगटावर घड्याळ, पायांत साध्या वहाणा, कानांत एक मोती. मला यात क्षेमेंद्र दिसला. जुने एकच ठेवावे, आणि त्याला भोवती मोकळी जागा द्यावी. मग ते आजचे होते.

पण वस्त्र आधुनिक दिसते म्हणून ते जगते, असे मात्र नाही. ते विणणारे हात जगावे लागतात. संस्थाने गेली, गिरण्यांचे व पुढे यंत्रमागांचे स्वस्त कापड आले, आणि १९७० नंतरच्या दशकात महेश्वरचे माग एकेक करून थंडावत होते. त्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी किल्ल्यातच रेहवा सोसायटी ही संस्था काढून स्त्रियांस मागावर बसविले. रेवा हे नर्मदेचेच नाव. नक्षी त्यांनी नवी शोधली नाही. भिंतींवरची तीच ठेवली. रंग मात्र फिके व मोजके घेतले, आणि साडीबरोबर ओढण्या, सलवार-कमीजचे कापड, शेले असे आजच्या उपयोगाचे प्रकार विणविले. म्हणजे तत्त्व जुने आणि प्रयोजन नवे. आज महेश्वर गावात घरोघर मागांचा आवाज ऐकू येतो. इ. स. २०१९-२० च्या हातमाग-गणनेत देशभर ३५ लाखांहून अधिक विणकर व साहाय्यक कामगार नोंदले गेले, आणि त्यांत शेकडा सत्तरांवर स्त्रिया होत्या. ज्या राणीने वैधव्यात राज्य चालविले, तिच्या गावी मागाच्या आधाराने स्त्रिया आपली घरे चालवितात, ही गोष्ट आम्हा चौंडीच्या शेजाऱ्यांस अभिमानाची वाटते.

येथवर लिहून झाले आणि मला वाटले की उत्तर पुरे झाले. पण त्या लुगड्याकडे पाहिले की ते पुरे वाटेना. रचना, अखंडता, औचित्य ही तिन्ही कारणे त्या लुगड्यात शंभर वर्षांपूर्वीही होती. तरी ते पेटीच्या तळाशी पडून राहिले. का? कारण ते कोणी नेसावे आणि कोणी नेसू नये, हे नेसणारीच्या हाती नव्हते.

आत्याआजी इ. स. १९७४ मध्ये गेल्या. मी तेव्हा शाळेत होतो. तांबडे आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि त्याखाली वपन केलेले मस्तक, एवढेच त्यांचे रूप माझ्या डोळ्यांसमोर आहे. शब्दरूपे त्यांनीच मला पहिल्याने पाठ करविली. रामः रामौ रामाः म्हणताना त्यांचे हात वाती वळीत असत. आलवणाला ना काठ ना पदर. तेही एक न शिवलेले, साधे, अखंड वस्त्रच. मी वर जी जी लक्षणे सांगितली त्यांतील पुष्कळशी त्यात होती. तरी कोणती मुलगी आज ते हौसेने नेसेल? वस्त्र साधे असल्याने ते नवे होत नाही. ज्यामागे आज्ञा आहे, ते वस्त्र साधे असले तरी बेडी असते.

अहिल्याबाईंची जी चित्रे व पुतळे आपण पाहतो, त्यांत त्या पांढऱ्या वस्त्रात, हाती शिवलिंग घेऊन दिसतात. आपण त्या पांढऱ्या वस्त्रापुढे हात जोडतो. पण ज्या समाजाने त्यांस देवी म्हटले, त्याच समाजातील आमच्यासारख्या घरांनी नवव्या-दहाव्या वर्षाच्या मुलींना आलवण नेसविले. विधवाविवाहाचा कायदा इ. स. १८५६ चा. मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा धरणार नाही असा निर्धार केला तो १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये. म्हणजे आत्याआजींचा जन्म होण्यापूर्वीच हे सारे घडून गेले होते. नाभिकांना जे कळले ते शास्त्र जाणणाऱ्या आमच्या घरास कळले नाही. किंवा कळले आणि वळले नाही. आमच्या घरात त्या वेळी ग्रंथांची उणीव नव्हती, हे मी जाणतो. ते ग्रंथ अजून माझ्या कपाटात आहेत.

आता वादाकडे वळतो. तिसऱ्या दिवशीही दोन्ही बाजू हट्टास पेटल्या होत्या. माझी आई शहाऐंशी वर्षांची. ती माजघरात पलंगावर पडून सारे ऐकत असे. संध्याकाळी तिने सर्वांना बोलाविले, लुगडे मागून घेतले आणि मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरविला. मग म्हणाली, "मी या घरात आले तेव्हापासून दर चैत्रात त्या हे उन्हात घालायच्या. दार लावून घ्यायच्या. अर्ध्या तासानं पुन्हा तीच घडी, तेच फडकं. एकदा मी विचारलं, आत्याबाई, कुणाला देऊन का टाकत नाही? तर म्हणाल्या, माझं आहे ते. एवढंच. अशुभ ते लुगडं नव्हे गं. त्यांना ते नेसू दिलं नाही, ते अशुभ. पोरीला नेसू दे." माझ्या बहिणीने डोळे पुसले, आणि मुलीच्या खांद्यावर लुगडे टाकून रंग खुलतो का ते पाहिले तिनेच.

तेव्हा मला चौथे कारण उमगले, आणि ते पहिल्या तिहींहून मोठे आहे. आज कोणा स्त्रीने पांढरी साडी नेसली, नऊवारी नेसली किंवा मुळीच साडी नेसली नाही, तर ते तिच्या मर्जीने असावे. जुन्या वस्त्राचे तत्त्व राखावे आणि त्याची सक्ती सोडावी. मगच ते वस्त्र आजचे होते. जी सून दहा वर्षे नऊवारीच्या सक्तीला कंटाळली, तिला त्या काष्ट्यात सौंदर्य दिसले नाही यात नवल ते काय? आणि जिला ती सक्ती ठाऊकच नाही अशी मुलगी तेच लुगडे कपाटातून काढून हौसेने नेसते. सासू, सून आणि नात यांच्यात साडीवरून जे खटके उडतात, त्यांत पुष्कळदा आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. ठरविणार कोण, हा असतो. घरातील वडील मंडळींनी, आणि मी त्यांत स्वतःस धरतो, जुन्या वस्त्रांवर खरोखर प्रेम असेल तर ती घालण्याचा आग्रह सोडून द्यावा. पेटी तेवढी उघडी ठेवावी.

लुगडे नेसावयास घेतले तेव्हा एक अडचण निघाली. साठ वर्षे दर चैत्रात त्याच रेषेवर घडी पडल्याने एका टोकाकडील तीन वारांत धागे घडीच्या रेषेवर तुटले होते. हात लावताच कापड उसवे. बाकीचे सहा वार, पदरासकट, धड होते. जाणत्या शिंप्याकडून फाटका भाग कापून टोक दुमडून घेतले. नऊवारीची सहावारी झाली. जी स्त्री ते नेसणार होती तिला ती हवीच होती. सीमांतपूजनास ती ते लुगडे, मनगटावर रोजचे घड्याळ आणि गळ्यात एक बारीक साखळी एवढ्यावर बसली. वराकडील एका बाईंनी हौसेने विचारले, "ही नवी महेश्वरी कुठली गं?" माझी बहीणच पुढे होऊन म्हणाली, "आमच्या आत्याआजींची आहे." दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर रीतीप्रमाणे मामांकडची पिवळी अष्टपुत्री होतीच.

ज्या वाचकभगिनींच्या घरी अशी ठेवणीतली वस्त्रे आहेत, त्यांच्यासाठी या प्रसंगी शिकलेल्या चार गोष्टी लिहितो. जुने वस्त्र तीन-चार महिन्यांनी उलगडावे, सावलीत वारा द्यावा, कडक उन्हात घालू नये. आणि घडी दर वेळी निराळ्या रेषेवर घालावी. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत, जर काळवंडते. कडुनिंबाचा सुकलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवावा. आणि नवे महेश्वरी विकत घेताना काठ उलटून पाहावा: दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. हातमागाच्या कापडाच्या कडेला बहुधा बारीक छिद्रे दिसतात, कारण विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुया तेथे टोचलेल्या असतात. दोष समजून ते परत करू नये.

कापून काढलेल्या तीन वारांतील धड तुकडा आईने मागून घेतला. त्याचे बासन शिवून तिने आत्याआजींच्या दोन्ही पोथ्या त्यात बांधल्या आहेत. उरलेली सहावारी सासरी निघताना पुतणीने स्वतःच्या हाताने घडी करून पेटीत ठेवली. मी जवळच उभा होतो. जुनी रेष कापडावर अजून फिकी दिसत होती. तिने ती टाळून, चार बोटे बाजूला, नवी घडी घातली.